बंद झालेल्या सांध्याचे काम

कमरेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया करायची वेळ आली की घरातली सगळी चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरते: दुखणे जाईल का, आणि काही कमीजास्त झाले तर पायांतली ताकद जाणार नाही ना. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण माझ्या ताईच्या कमरेच्या निमित्ताने या विषयात शिरल्यावर मला आणखी एक प्रश्न तितकाच मोलाचा वाटू लागला आहे. कण्यातल्या ज्या सांध्याची हालचाल शस्त्रक्रियेने कायमची थांबवली जाते, त्याचे काम त्यानंतर कोण करते? सांधा थांबला म्हणून वाकण्याची गरज संपत नाही, आणि शरीराचे वजन तर कुठेच जात नाही. ते काम कोणाच्या तरी वाट्याला येतेच. कोणाच्या वाट्याला येते, किती येते आणि तो ते किती वर्षे निभावू शकतो, हे समजून घेतल्याशिवाय या शस्त्रक्रियेचा निम्माच विचार होतो, असे माझे मत झाले आहे.

मी ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. वैद्यक हा माझा विषय नाही, आणि कोणावर कोणती शस्त्रक्रिया करावी हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण तरफ, बल आणि आघूर्ण (म्हणजे बलाचा वळवण्याचा जोर) यांच्याशी रोजचा संबंध असल्यामुळे ताईच्या एक्स-रेकडे पाहताना मला त्यात यंत्रशास्त्राचा एक अतिशय देखणा प्रश्न दिसत गेला, आणि तो सोडवताना आपल्याच माणसाची काळजी घेण्याचा एक मार्गही सापडला.

ताई चरईत राहते. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायची हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. साठी ओलांडल्यावर कधीतरी असे होऊ लागले की गडकरी रंगायतनापासून थोडे पुढे गेले की तिच्या मांड्या जड व्हायच्या, पोटऱ्यांत गोळे यायचे आणि पाय आपले नाहीतच असे वाटायचे. मग ती तलावाच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून पुढे वाकून उभी राहायची. दोन-तीन मिनिटांत पाय हलके व्हायचे आणि ती पुन्हा चालू लागायची. घरात कोणी गुडघ्यांना बोल लावला, कोणी शिरांना, कोणी वयाला. ती मात्र एवढेच म्हणायची, ‘अगं, वाकलं की बरं वाटतं, म्हणून वाकते.’

तिच्या या एका वाक्यात निदानाचा मोठा भाग होता. कमरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूने नसांचा जुडगा एका हाडी बोगद्यातून खाली जातो. वयानुसार बोगद्याच्या मागच्या भिंतीतला अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, जाड होतो, बाजूचे सांधे सुजून आत डोकावतात, पुढून गादी फुगते आणि नसांना जागा अपुरी पडू लागते. ताठ उभे राहिले किंवा मागे झुकले की हा अस्थिबंध दुमडून आणखी आत येतो. पुढे वाकले की तो ताणला जातो आणि बोगदा थोडा मोकळा होतो. कठड्यावर वाकून ताई नकळत आपल्या नसांना जागा करून देत होती. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधली जागा अरुंद झालेली दिसली, आणि त्याच्याच जोडीला चौथा मणका पाचव्यावरून किंचित पुढे सरकलेला दिसला.

मणका पुढे कसा सरकतो, हे समजायला कण्याची जोडणी पाहावी लागते. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण प्रत्येक पातळीवर मागच्या बाजूला, डावी-उजवीकडे, दोन छोटे सांधेही असतात, ज्यांना फॅसेट सांधे म्हणतात, हे फारसे बोलले जात नाही. वरच्या मणक्याचे दोन हाडी पंख खालच्या मणक्याच्या दोन पंखांमध्ये अडकतात. त्यांच्या मध्ये गुडघ्यात असते तशी कूर्चा, भोवती पिशवी आणि आत वंगण असते. म्हणजे प्रत्येक पातळी ही तीन सांध्यांची एक टोळी आहे: पुढे गादी, मागे दोन फॅसेट. गादी धडधाकट असताना उभ्या भाराचा बराचसा भाग ती घेते आणि फॅसेटांकडे थोडाच येतो. त्यांचे खरे काम वेगळे आहे. वरचा मणका खालच्यावरून पुढे घसरू न देणे आणि कंबर पिळवटू न देणे, ही ती दोन कामे. कमरेच्या एकेका पातळीवर पिळण्याची हालचाल जेमतेम दोन-तीन अंश होते, तर चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये पुढे-मागे झुकण्याची हालचाल पंधरा अंशांच्या आसपास असते. हा फरक प्रामुख्याने फॅसेटांच्या ठेवणीमुळे पडतो. वळून मागे पाहताना आपण कंबर वळवतो असे वाटते खरे, पण ते वळणे मुख्यतः छातीच्या मणक्यांमधून आणि खुब्यांमधून येते.

आता कमरेला पुढून-मागून बाक असल्यामुळे खालचे मणके उतारावर बसलेले असतात. वरच्या शरीराच्या वजनाचा एक घटक गादीवर दाबतो आणि दुसरा मणक्याला उतारावरून पुढे ढकलतो. कलत्या पृष्ठभागावरच्या ठोकळ्याचे हे गणित बारावीच्या मुलांना येते. या ढकलण्याला फॅसेट अडवून धरतात. ज्यांच्या फॅसेटांचे पृष्ठभाग घसरण्याच्या वाटेत आडवे असतात त्यांना ही अडवणूक चांगली जमते. ज्यांचे ते घसरण्याच्याच दिशेने, पुढून मागे गेलेले असतात, त्यांच्यात अडसर कमी असतो. गादी झिजून बसकी झाली की फॅसेटांवरचा भार वाढतो, कूर्चा झिजते, सांधा सैल होतो आणि मणका मिलीमीटर-मिलीमीटरने पुढे येतो. पाचवा मणका मजबूत अस्थिबंधांनी खाली बांधलेला असतो, चौथ्याला तसा आधार नसतो. म्हणून हा प्रकार सर्वांत जास्त चौथ्या-पाचव्याच्या मध्ये आढळतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी अधिक.

या सगळ्यावर स्नायूंचे बल चढते, आणि ते किती असते हे कागदावर मांडून पाहिले की धस्स होते. दहा लिटर पाण्याची बादली घेऊन ती कमरेतल्या गादीच्या मध्यापासून चाळीस सेंटिमीटर पुढे धरली, असे समजा. कण्यामागचे स्नायू गादीच्या मध्यापासून साधारण पाच सेंटिमीटरवर असतात. तोल राखायचा तर या स्नायूंना बादलीच्या आठपट, म्हणजे ऐंशी किलो वजनाइतके बल लावावे लागते, आणि त्या ऐंशीत आपल्या स्वतःच्या धडाचा हिशोब अजून धरलेलाच नाही. हे सगळे बल गादीला आणि फॅसेटांना दाबते. स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी असेच मोजमाप केले तेव्हा आरामात उभे असताना दाब अर्धा मेगापास्कल होता, पाठ गोल करून वीस किलोचे वजन उचलताना तो २.३ झाला, आणि गुडघे वाकवून, वजन जवळ धरून उचलल्यावर १.७. वजन तेच होते. फक्त शरीराची मांडणी बदलली होती. घरातल्या मुलाबाळांना हे तीन आकडे एकदा तरी सांगावेत असे मला वाटते.

ताईच्या डॉक्टरांनी दोन शक्यता समोर ठेवल्या. पहिली, नसांवरचा दाब काढायचा आणि तेवढ्यावर थांबायचे. दुसरी, दाब काढून ते दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी एकमेकांना जखडायचे आणि मध्ये हाड भरून ते कायमचे सांधू द्यायचे, म्हणजेच फ्यूजन.

दाब काढणे ऐकायला साधे वाटते, पण नसांपर्यंत पोहोचायचे तर मागच्या भिंतीतले काही हाड, अस्थिबंध आणि फॅसेटांचा आतला काठ कापावाच लागतो. किती कापले तर चालते? या प्रश्नावर भारतीय वंशाचे, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात काम केलेले मनोहर पंजाबी आणि त्यांचे सहकारी यांनी केलेले काम वाचताना मी फार रमले. दान केलेल्या देहांमधले कमरेचे मणके घेऊन, त्यांचे अस्थिबंध आणि फॅसेट टप्प्याटप्प्याने कापत, प्रत्येक टप्प्याला ठरावीक आघूर्ण लावून हालचाल किती वाढते हे ते मोजत गेले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार फॅसेटांचा आतला भाग काढल्याने पुढे वाकणे थोडे वाढले, पण पातळी तग धरून राहिली. एका बाजूचा का होईना, फॅसेट पूर्ण काढला की मात्र ती अस्थिर झाली. दोन अडसरांपैकी एक गेला तरी दुसरा पुरेल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही, कारण उरलेला सांधा फक्त एका बाजूला धरतो आणि मणका त्याच्याभोवती वळू लागतो. फॅसेट जपून दाब काढण्यावर सर्जन एवढा भर का देतात, ते इथे कळते.

पंजाबी यांनी १९९२ मध्ये मांडलेला विचार मला याहूनही मोलाचा वाटतो. कण्याचे स्थैर्य तीन गोष्टींवर उभे असते, असे त्यांनी म्हटले: हाडे-गाद्या-अस्थिबंध, स्नायू, आणि स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. एकात उणीव आली की उरलेल्या दोघांना ती भरून काढावी लागते. शस्त्रक्रियेकडे या नजरेने पाहिले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते: सर्जनचे हत्यार हाडापर्यंत जाताना स्नायूंमधूनच जाते. मणक्यांना अगदी लगटून मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो, जो एकेका मणक्याला जागच्या जागी सावरून धरतो. पारंपरिक पद्धतीत तो हाडापासून सोडवून बाजूला ओढून धरावा लागतो. त्यात रक्तपुरवठा दबतो, त्याला जाणारी बारीक नस दुखावू शकते, आणि पुढे काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये स्नायूच्या जागी चरबी दिसते. लहान छेदातून, स्नायूंच्या तंतूंमधून वाट काढत केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा खरा फायदा कातडीवरच्या व्रणात नसून इथे आहे. रुग्णालयांच्या जाहिरातींत मात्र व्रणाचाच फोटो असतो, याचे मला वाईट वाटते.

फ्यूजनचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी या दोघांनी १९११ मध्ये आपापल्या पद्धतीने मणके सांधण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. त्या काळी कण्याच्या क्षयरोगाने मणके ढासळत आणि पाठीला कुबड येई. तो ढासळणारा भाग हालचाल थांबवून वाचवायचा, हा मूळ हेतू. मणक्याच्या देठात स्क्रू बसवण्याची पद्धत १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये रॉय-कामी यांनी रुळवली. हे धातू कायमचे ओझे वाहण्यासाठी नसतात. हाड सांधेपर्यंत ते पातळी स्थिर ठेवतात. हाड सांधले की भार त्यातून जाऊ लागतो. सांधलेच नाही तर रोजच्या हजारो लहान झोक्यांनी स्क्रू सैल होतात किंवा सळी थकून तुटते. तंबाखू आणि सिगारेट बंद करा असे सर्जन निक्षून सांगतात ते याचसाठी, कारण निकोटीन हाडाच्या सांधण्यात आड येते.

इथे एक बाब आहे, जिच्यावर रुग्ण कधीच बोलत नाहीत आणि सर्जन आपसांत सर्वांत जास्त बोलतात: मणके कोणत्या कोनात जखडले. कमरेच्या बाकाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शेवटच्या दोन पातळ्यांत असतो. तो बाक माणसागणिक वेगळा असतो आणि त्याचे माप श्रोणीच्या ठेवणीवरून ठरते. श्रोणी म्हणजे कणा आणि दोन्ही खुबे ज्या हाडी कड्याला जोडलेले असतात ते कडे. वाढ पूर्ण झाल्यावर त्याचा आकार बदलत नाही, त्यामुळे प्रत्येकाला किती बाक हवा हे जणू आधीच लिहून ठेवलेले असते. मणके त्यापेक्षा सपाट जखडले गेले, तर माणसाचे धड पुढे कलते. मग तो उभा राहताना श्रोणी मागे फिरवतो, खुबे ताणतो, तेवढ्यानेही भागले नाही तर गुडघे वाकवतो, आणि संध्याकाळपर्यंत पाठीचे व मांड्यांचे स्नायू थकून जातात. अमेरिकेतल्या पॉल हॅरिंग्टन यांच्या सळीने १९६० च्या दशकापासून कण्याच्या वाकडेपणावर मोठी क्रांती घडवली, पण कमरेत खालपर्यंत नेलेल्या त्या ताणणाऱ्या सळीने अनेकांचा बाक सपाट झाला आणि हा प्रकार वैद्यकाला नीट उमगला तो त्या रुग्णांकडून. नुसते ‘स्क्रू घट्ट बसले’ यावर समाधान मानू नये, हे मी त्यातून शिकले. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर उभ्याने, कडेने काढलेले एक्स-रे शेजारी ठेवून डॉक्टरांना बाकाबद्दल विचारावे. चांगल्या डॉक्टरांना तो प्रश्न आवडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पातळी बंद झाल्यावर तिचे पंधराएक अंश कोण देते? सायकलच्या साखळीतल्या दोन कड्या गंजून चिकटल्या की दात्यांवरून जाताना पुढची-मागची कडी जास्त वळते आणि आधी झिजते. कण्यातही शेजारची पातळी, विशेषतः वरची, अधिक हलते आणि तिच्या फॅसेटांवर व गादीवर अधिक ताण येतो, असे प्रयोगशाळेत दिसते. वरचा स्क्रू बसवताना त्या वरच्या फॅसेटाला धक्का लागला तर त्यात भरच पडते. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा होता की कमरेच्या फ्यूजननंतर पाच वर्षांत १६.५ टक्के आणि दहा वर्षांत ३६.१ टक्के रुग्णांना शेजारच्या पातळीसाठी पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागेल.

हा आकडा वाचून मी हादरले होते, पण तो नीट वाचायला हवा. ज्याची एक पातळी झिजली त्याच्या बाकीच्या पातळ्याही त्याच वयाच्या, त्याच वंशाच्या आणि त्याच सवयींच्या असतात. त्या फ्यूजनविनाही झिजल्या असत्याच. झिजेतला किती वाटा निसर्गाचा आणि किती सळ्यांचा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, आणि माझ्या मते दोन्ही वाटे खरे आहेत. दुसरे असे की प्रयोगशाळेत शेजारची पातळी जास्त हलते ती मुख्यतः तेव्हा, जेव्हा आधीइतकेच एकूण वाकणे कण्याकडून सक्तीने करून घेतले जाते. जिवंत माणसावर ती सक्ती नसते. तो कमी वाकू शकतो, गुडघे वाकवू शकतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुब्यांमधून वाकू शकतो. म्हणजे बंद झालेल्या सांध्याचे काम कोणाकडे जाईल, याची काही सूत्रे सर्जनच्या हातून सुटून रुग्णाच्या हाती येतात. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मग फ्यूजन करावे की नुसता दाब काढावा? २०१६ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. स्वीडनमधल्या चाचणीत ५० ते ८० वयाचे २४७ रुग्ण होते. दोन वर्षांनी फ्यूजन केलेल्या आणि न केलेल्या गटांत, मणका सरकलेला असो वा नसो, ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेतली चाचणी ६६ रुग्णांची होती, सगळ्यांचा मणका सरकलेला. तिथे फ्यूजनवाल्यांचे शारीरिक जीवनमान थोडे बरे होते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण फ्यूजनमध्ये १४ टक्के तर नुसता दाब काढलेल्यांत ३४ टक्के होते. या दोन निकालांवर सर्जन आजही भांडतात. मला त्यातून कळले ते इतकेच की सरसकट उत्तर नाही, आणि म्हणूनच ‘माझ्या कण्यात असे काय आहे की ज्यामुळे तुम्ही जखडायला सांगता?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारला पाहिजे. ताईच्या बाबतीत डॉक्टरांनी पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले दोन एक्स-रे उजेडात धरले. दोन्हींत चौथ्या मणक्याची जागा वेगळी होती. तो सरकून थांबलेला नव्हता, हालचालीसरशी पुढे-मागे करत होता. फॅसेटांचा आणखी भाग कापला असता तर उरलासुरला अडसरही गेला असता. त्या दोन काळ्या फिल्म पाहिल्यावर निर्णय आम्हाला पटला.

हालचाल राखणारे पर्याय आहेत, आणि त्यांची कहाणी रंजक आहे. कमरेची पहिली यशस्वी कृत्रिम गादी १९८० च्या दशकात पूर्व बर्लिनमध्ये तयार झाली. तिच्या दोन जनकांपैकी एक कारिन ब्यूटनर-यान्झ, म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवणारी जिम्नॅस्ट. जिने आपली पाठ वाट्टेल तशी वळवली, तिनेच वळणे राखणारी गादी घडवावी, याचे मला फार अप्रूप आहे. अमेरिकेने या गादीला २००४ मध्ये मान्यता दिली. पण ही गादी टोळीतल्या तिघांपैकी एकालाच बदलते. मागचे दोन फॅसेट झिजलेले असतील किंवा मणका सरकत असेल, तर नव्या गादीवरची हालचाल त्याच दुखऱ्या सांध्यांना घासत राहते. म्हणून ताईसारख्यांना ती देत नाहीत. मागच्या बाजूलाच हालता सांधा बसवणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे, आणि ते नेमके अशा सरकलेल्या मणक्यांसाठीच आहे. त्याची दहा-वीस वर्षांची वाटचाल पाहायची आहे.

शस्त्रक्रियेनंतर पाय लवकर हलके झाले. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘एकच पातळी बंद केली आहे, त्यामुळे वाकणं कमी झाल्याचं तुम्हाला फारसं जाणवणार नाही. पण ते कुठून येतंय, याकडे मात्र लक्ष ठेवा.’ ते लक्ष कसे ठेवायचे, हे शिकवले फिजिओथेरपिस्ट मुलीने. तिने ताईला पाठीवर झोपवून एक गुडघा हळूहळू छातीकडे न्यायला सांगितला आणि स्वतःचा तळवा ताईच्या कमरेखाली सरकवून ठेवला. गुडघा एका ठरावीक जागी आला आणि तिच्या तळव्यावरचा दाब वाढला. ‘काकू, इथपर्यंत खुबा वाकला. याच्या पुढे कंबर वाकायला लागली. आपल्याला ही जागा पुढे न्यायची आहे.’ त्या दिवशी उजव्या खुब्यात ती जागा डाव्यापेक्षा बरीच अलीकडे आली होती.

ताईच्या बाबतीत हे शिकणे कोरडे नव्हते, कारण तिला रांगोळी काढायची होती. गुढीपाडव्याला गावदेवी मैदानात निघणाऱ्या मोठ्या रांगोळीत ती वर्षानुवर्षे हात लावत आली आहे. उकिडवे बसून, पाचही बोटांतून रंग सोडत, एकेक पाऊल मागे सरकत तासन्‌तास काम चालते. उकिडवे बसताना खुबे भरपूर वाकावे लागतात. ते तितके वाकत नसतील तर श्रोणी मागे फिरते, कमरेचा बाक नाहीसा होतो आणि उरलेले वाकणे मणके पुरवतात. ताईच्या कमरेत आता ते पुरवायला एक पातळी कमी होती, आणि तिचा ताण शेजारच्या, तिसऱ्या-चौथ्यामधल्या आणि पाचव्याच्या खालच्या, पातळ्यांवर पडणार होता. म्हणून हाड सांधल्याचे एक्स-रेवर दिसल्यानंतर, डॉक्टरांच्या परवानगीने, तिने बैठकच बदलली. एक गुडघा जाड गोणपाटावर टेकलेला, दुसरे पाऊल पुढे सपाट, डावा हात पुढच्या मांडीवर, आणि धड एखाद्या फळीसारखे अखंड ठेवून खुब्यातून पुढे. उजव्या हाताची धार तशीच बारीक पडते. वीसेक मिनिटांनी ती उठते, चार पावले चालते आणि गुडघा बदलते. बरोबरच्या मुलींनी सुरुवातीला ‘काकू, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही भरतो’ असे म्हणून पाहिले. तिने ऐकले नाही. आता त्यांच्यातल्या दोघीतिघी तशाच बसतात.

बादली ती आता अर्धीच भरते आणि अंगाशी धरून नेते. रिक्षा घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जाताना पाठीमागे टेकून न बसता दोन्ही पाय रोवून बसते. रोज सकाळी पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम करते, कारण मल्टिफिडस आपोआप पूर्ववत होत नाही हे तिने मनावर घेतले आहे. कंबर आखडून, घाबरून जगणाऱ्या अनेकांना मी पाहिले आहे. शेजारच्या पातळ्यांना जपायचे म्हणून ते चालणेच सोडतात, आणि मग स्नायू झडून त्याच पातळ्यांवर जास्त भार येतो. ताईने तलावपाळीची फेरी सोडलेली नाही.

आता तिचा उजवा खुबा दुखू लागला आहे आणि एक्स-रेत त्याची झीज दिसते. ही झीज आधीचीच असावी, पण गेल्या काही वर्षांत त्या खुब्याने दोघांचे काम केले आहे, हेही खरे. पुढे कधी खुबा बदलायची वेळ आली, तर कण्याचा हा इतिहास तिथे कामाचा ठरतो. आपण खुर्चीत बसतो तेव्हा श्रोणी साधारण वीस अंश मागे फिरते आणि खुब्याची वाटी मांडीच्या हाडाला जागा करून देते. कंबर जखडलेली असली की हे फिरणे कमी होते आणि बदललेला खुबा निखळण्याचा धोका वाढतो. जखडलेल्या पातळ्या जितक्या जास्त आणि फ्यूजन श्रोणीपर्यंत गेलेले असेल तर तो धोका अधिक. ताईचे एकाच पातळीचे आहे, म्हणून तिचा कमी. तरीही वाटी कोणत्या कोनात बसवायची हे ठरवण्याआधी सर्जनला ते ठाऊक असावे लागते. म्हणून पुढच्या आठवड्यात खुब्याच्या डॉक्टरांकडे जाताना नुसता खुब्याचा फोटो न नेता, कंबर आणि श्रोणी दोन्ही दिसतील असे, एक उभ्याने आणि एक बसून, कडेने काढलेले दोन एक्स-रे आम्ही बरोबर नेणार आहोत.